अकरावी थैली

१३ एप्रिल २०२४, शनिवार. त्या सकाळी थैलीत एक हजार चारशे बारा डॉलर होते, सगळेच्या सगळे एकेक डॉलरच्या नाण्यांत. दुपारी चारला थैली रिकामी होती आणि तिचं चामडं सुरकुतून पडलं होतं.

चोरी झाली नव्हती. रीतसर सूचना, रीतसर अनुमोदन, हात वर, ठराव मंजूर. नरेंद्र वझे यांनी आयुष्यभर कंपन्यांचे हिशेब सांभाळले होते. ठराव मंजूर झाला की पैसे द्यायचे, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी दिले. त्रास पुढे सुरू झाला.

नरेंद्र मूळचे नागपूरचे, धरमपेठेतले. बी.कॉम. झाले, लग्न झालं, आणि गेली पंचवीस वर्षं अमेरिकेतल्या श्रूजबरीत राहून एका औषधं पोचवणाऱ्या कंपनीची बिलं तपासत होते. हौशी रोमन पलटणीशी त्यांचा संबंध आला तो अगदी सहज. आठ वर्षांपूर्वी तळ्याकाठी गावाची जत्रा भरली होती. लाडू विकायला मराठी मंडळाचा एक तंबू, आणि शेजारीच रोमन सैनिकांचा वेष करून उभ्या राहणाऱ्या हौशी लोकांचा दुसरा. त्यांच्यातल्या एकाने अस्वलाचं कातडं डोक्यावर घेतलं होतं आणि हातात उंच काठी धरली होती. काठीवर एकाखाली एक पितळी तबकड्या आणि टोकाला उघडा पंजा. नरेंद्रना लहानपणी पाहिलेले मोहरमचे पंजे आठवले. लाडू सोडून ते तिकडे गेले.

"हा कोण? पुजारी?" त्यांनी विचारलं.

"हिशेबनीस," पलटणीचा म्होरक्या वॉल्टर म्हणाला.

वॉल्टर ब्रॅनिगन कारखान्यात लेथवर काम करून निवृत्त झालेला, दोन मीटर उंच, एकटा माणूस. त्या तबकड्या त्यानेच घडवलेल्या. नरेंद्रना वाटलं थट्टा करतोय, पण तो थट्टा करत नव्हता. रोमन फौजेत निशाण ज्याच्या हाती, शिपायांची बचतही त्याच्याच हाती. निशाण पुढे गेलं की तुकडी पुढे जाणार, थांबलं की थांबणार, पडलं की पांगणार. शत्रू आधी त्याच्यावरच धावून येणार, आणि याचा एक हात कायमचा काठीत अडकलेला. पळायचं म्हटलं तर सगळ्यांत आधी तोच दिसणार. ज्याला लपताच येत नाही त्याच्याकडे पैसे ठेवावेत, असा त्या लोकांचा विचार. दहा तुकड्यांच्या दहा थैल्या असत. अकरावी सगळ्यांची मिळून. तिच्यात प्रत्येकाने थोडंथोडं टाकायचं, आणि जो मरेल त्याचं क्रियाकर्म त्यातून करायचं.

"तुला जमाखर्च येतो?" वॉल्टरने विचारलं.

"बी.कॉम. आहे."

"आमच्या अस्वलाची बदली कॅलिफोर्नियात झालीय. पुढच्या महिन्यापासून अस्वल तुझं."

अस्वल घरी आलं तेव्हा नरेंद्रच्या पत्नी वसुधाताई दारात उभ्या राहिल्या. "देव्हारा असलेल्या घरात मेलेल्या जनावराचं डोकं येणार नाही," त्या म्हणाल्या. कातडं, काठी आणि थैली गॅरेजमध्ये राहिली. पण खंडेनवमीला घरातली विळी, स्क्रूड्रायव्हर आणि लॅपटॉप पाटावर मांडताना त्या स्वतःच म्हणाल्या, "अहो, तेही आणा. शस्त्रच ना ते." त्या वर्षी वॉल्टर जेवायला होता. निशाणाला हळदकुंकू लावलेलं बघून त्याने काठी जवळून निरखली. मग म्हणाला की ते लोकही सणाला आपल्या निशाणांना तेल लावून गुलाबाच्या माळा घालत. त्याने श्रीखंड तीनदा मागून घेतलं आणि जाताना बजावलं, तबकडीवरचं कुंकू पुसायचं नाही. ते पुसलं गेलं नाही.

थैलीबाबत वॉल्टरचा एकच नियम होता. दर महिन्याला प्रत्येकाने निशाणासमोर येऊन एक नाणं टाकायचं. नोट नाही, चेक नाही, फोनवरून तर मुळीच नाही. पलटणीतले बाकीचे हसत हसत टाकायचे. वॉल्टर हसत नसे. त्याला पुढेमागे कोणी नव्हतं. एक भाची ॲरिझोनात, ती नाताळला कार्ड पाठवायची.

फेब्रुवारीत वॉल्टरच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. मार्चच्या सभेत देवांग पाध्येला म्होरक्या निवडलं. देवांगला पलटणीत नरेंद्रनीच आणलं होतं. चौतिशीतला, नाशिकचा, सॉफ्टवेअरमधला हुशार मुलगा. जुलैत ओहायोत अशाच पलटणींचा मोठा मेळा होता, आणि पलटणीच्या प्लायवुडच्या ढालींचे पापुद्रे निघत होते. एप्रिलच्या सभेआधी त्याने नरेंद्रना बाजूला घेतलं.

"काका, प्रॅक्टिकली बघा. चौदाशे डॉलर तुमच्या गॅरेजमध्ये नाण्यांत पडलेत. इंटरेस्ट झीरो. त्यात नव्या ढाली येतात."

"ते क्रियाकर्माचे पैसे आहेत, देवांग."

"कोणाच्या? यार, आपण पाच वाजता होंडात बसून घरी जातो. आपल्यातलं कोणी लढाईत मरणार आहे का?"

"वॉल्टरला विचारलंस?"

"त्याला कशाला स्ट्रेस द्यायचा? ढाली बघून तोच खूश होईल. आणि मी थोडाच खिशात घालतोय, मी व्होटिंग घेतो." मग हसून म्हणाला, "तुमच्याकडून पैसे सोडवणं म्हणजे आयआरएसकडून टॅक्सचा रिफंड मिळवणं आहे."

सभेत निशाणदाराने निशाण सरळ धरून उभं राहायचं आणि मत द्यायचं नाही, अशी रीत होती. नरेंद्र दोन्ही हातांनी काठी धरून उभे राहिले. नऊ हात वर गेले, चार खाली राहिले. त्या चौघांनी त्यांच्याकडे पाहिलं, ते बोलतील म्हणून. ते बोलले नाहीत. मग देवांगच्या गाडीच्या डिकीत नाणी ओतली गेली, आणि नरेंद्रनी पावती फाडली.

मेच्या पहिल्या रविवारी ते वॉल्टरला भेटायला गेले. त्याला वूस्टरजवळच्या एका हॉस्पिसमध्ये, शेवटचे दिवस उरलेल्या रुग्णांच्या घरात, हलवलं होतं. दोन मीटरचा माणूस पलंगात कुठे गेला ते कळत नव्हतं. हवापाण्याचं बोलून झालं. मग वॉल्टरने डोळे न उघडताच विचारलं, "अकरावी जड आहे ना अजून?"

"हो," नरेंद्र म्हणाले.

हो म्हणायचं असं त्यांनी ठरवलं नव्हतं, ते निघून गेलं.

"पुढच्या रविवारी घेऊन ये. एकदा हात घालून बघायचाय. सगळे आहेत का."

घरी येईपर्यंत नरेंद्रनी मार्ग काढला होता. सोमवारी बँकेतून तेवढी नाणी मागवायची, थैली भरायची. पैसे आपले, वॉल्टरचं समाधान होईल, कोणाचं नुकसान नाही. जेवताना त्यांनी वसुधाताईंना सगळं सांगितलं. त्यांनी पोळी वाढता वाढता ऐकलं.

"भरा की. पैसे तुमचे आहेत," त्या म्हणाल्या. "पण आमच्या भिशीत बाराजणींचे पैसे मी एकटीनेच भरले, तर ती भिशी होते का?"

"त्याला कुठे कळणार आहे?"

"त्याला नाही कळणार."

नरेंद्रनी ताकात पोळी बुडवली, जे ते कधी करत नसत.

सोमवारी ते बँकेत गेलेच नाहीत. त्या आठवड्यात कामावरून सुटल्यावर ते पलटणीतल्या एकेकाच्या दारात गेले. म्हणणं एकच: ठराव झाला तो झाला, ढाली येऊ द्या, पण वॉल्टरला थैली बघायचीय, तर आपापल्या हाताने एक नाणं टाका, माझ्याजवळ देऊ नका, थैलीत टाका. एकाने ओशाळून पाच टाकले. नरेंद्रनी चार परत काढून त्याच्या हातावर ठेवले. एकजण ड्राइव्हवेवर गाडी धूत होता. तो म्हणाला, "ठरावाच्या वेळी का नाही बोललास? चौघं आम्ही तुझ्या तोंडाकडे बघत होतो." त्याने नाणं टाकलं आणि पुन्हा गाडी धुवायला लागला.

देवांगकडे ते शेवटी गेले. त्याची बायको हिमानी चहा ठेवायला आत गेली.

"काका, पावती तुम्हीच फाडलीत ना? सहीसुद्धा तुमची आहे."

"माझीच आहे."

"मग आता हे कसलं कलेक्शन? मी नाणं टाकलं म्हणजे व्होटिंग चुकलं, असं होतं. सगळ्यांसमोर मी चोर ठरतो."

"चोर कोणी म्हणत नाही तुला. एक डॉलर टाक आणि चल माझ्याबरोबर रविवारी. तुझी चौकशी करत असतो तो."

देवांग टेबलावरचं कोस्टर फिरवत राहिला. "मला नाही जमत तिथे," तो हळू म्हणाला. "बाबा गेले तेव्हा माझं व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलं होतं. सगळं व्हिडिओवर बघितलं मी. भाऊ फोन धरून उभा होता. त्यानंतर मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्येसुद्धा जात नाही." मग एकदम आवाज चढवून म्हणाला, "आणि ढाली काय माझ्या घरी लावायच्यात का मला? पलटणीसाठीच केलं ना सगळं?"

"पलटणीसाठीच केलंस," नरेंद्र म्हणाले. त्यांनी चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि थैली उचलली. देवांगने हात खिशात घातला, पण बाहेर काढला नाही.

रविवारी थैली एका हाताच्या दोन बोटांवर तोलता येत होती. नरेंद्रनी ती वॉल्टरच्या पोटावर ठेवली. वॉल्टरने वजन लागताच डोळे उघडले.

"ही अकरावी नाही."

"हीच आहे," नरेंद्र म्हणाले, आणि त्यांनी सांगितलं. ढाली, ठराव, नऊ आणि चार, डिकी, पावती. मागच्या रविवारी हो म्हटलं ते खोटं होतं, हेही. वॉल्टरने मधे अडवलं नाही. थैलीत हात घालून तो नाणी एकेक करून बोटांनी बाजूला सारत होता.

"एक कमी आहे."

"देवांगचं."

"तुझं मत कुठे होतं?"

"निशाणदाराला मत नसतं. माझे दोन्ही हात काठीवर होते."

"तोंड होतं ना मोकळं?"

खिडकीबाहेर कोणीतरी गवत कापत होतं.

"मला वाटायचं," वॉल्टर म्हणाला, "मी गेल्यावर बाकी कोणी काही करो न करो, तेवढी एक गोष्ट झालेली असेल. म्हणून ती सोय केली होती." तो थकला. "तू बाहेरून भरून आणू शकला असतास."

"हो."

"मला समजलं नसतं."

"नाही."

"तसं केलं असतंस तर बरं झालं असतं का, ते मला ठरवता येत नाहीये," तो म्हणाला, आणि तोंड भिंतीकडे केलं. नरेंद्र तासभर बसले. निघताना त्यांनी थैली उचलायला हात पुढे केला, तर ती वॉल्टरच्या मुठीत होती. त्यांनी ती तशीच राहू दिली.

वॉल्टर मे संपायच्या आत गेला. नर्सने थैली एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून नरेंद्रकडे दिली. भाची येऊ शकली नाही. तिने फोनवर दोनदा आभार मानले. दहनाचं बिल नरेंद्रनी आपल्या कार्डावर भरलं आणि भाचीला तसं कळवलं नाही. ढाली परत घ्यायला विक्रेता तयार नव्हता. पलटणीने तेवढे पैसे हप्त्यांनी थैलीत परत भरायचं ठरवलं. हा ठराव मांडला नरेंद्रनी, आणि या वेळी काठी दुसऱ्याच्या हातात देऊन, हात वर करून मांडला.

दहनाच्या दिवशी उकाडा होता. नरेंद्र अस्वल डोक्यावर घेऊन, निशाण धरून दहनगृहाच्या दाराशी उभे होते. कातड्याखालून घाम कानांमागे ओघळत होता. वसुधाताई पाण्याची बाटली घेऊन जवळच थांबल्या होत्या. पलटणीतले बरेचजण आले, काही नव्या ढाली घेऊन. ढाली सुंदर होत्या. लाल रंगावर सोनेरी पंख, कडेला पितळ. त्या आणल्या याची त्यांना लाज वाटत होती, असं दिसलं. दोघांनी त्या उलट्या करून भिंतीला टेकवल्या.

देवांगही आला. साध्या कपड्यांत, पार्किंगच्या पार दुसऱ्या टोकाला, गाडीचं दार उघडं ठेवून उभा होता. नरेंद्रनी त्याला पाहिलं, त्यानेही नरेंद्रना पाहिलं. निशाण धरलेल्या माणसाला जागा सोडता येत नाही. नरेंद्रनी काठी तेवढी त्याच्या दिशेने थोडी झुकवली, तबकडीवर कुंकवाचा जुना डाग दिसेल इतकी. देवांगने दोन पावलं टाकली. मग आतून पेटी नेण्याची घंटा वाजली, आणि तो परत गाडीपाशी गेला.

जुलैत पलटण ओहायोला गेली नाही. देवांगने म्होरकेपण सोडलं. त्याला जर्सी सिटीत नोकरी लागली, आणि हिमानीने जाण्याआधी वसुधाताईंकडे तुळशीची कुंडी आणून ठेवली. थैली पुन्हा गॅरेजमध्ये टांगली आहे. दर महिन्याला तिच्यात नाणी पडतात, हप्तेही पडतात.

देवांगकडून एक डॉलर येणे आहे.