स्क्रूड्रायव्हरचं दुसरं टोक

आमच्या जुन्या मोटरसायकलच्या इंजिनातून बरेच महिने टकटक आवाज येत होता. मागे बसून मी सांगायचे आणि हे म्हणायचे, "तुला भास होतात." घरात कुकरच्या शिट्ट्या, दाराची बेल, माझ्या हाका, सगळ्यांना हेच उत्तर. एकच वाक्य तीनतीनदा, चढ्या आवाजात बोलून मी थकले होते. कानाच्या डॉक्टरांचा विषय काढला की हे पेपर उघडत.

शेवटी मीच गाडी गॅरेजकडे वळवायला लावली. मेकॅनिकने इंजिन चालू ठेवून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवलं आणि त्याची मूठ आपल्या कानाशी दाबून धरली.

"आतले टॅपेट ढिले होऊन वाजतायत, काका. ऐका तुम्हीच."

हे वाकले, मूठ कानाशी धरली आणि तसेच राहिले. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "हे कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

मोठ्याने बोललं की पोचतं, असं मी इतके दिवस धरून चालले होते. इंजिनाने आवाज मुळीच वाढवला नव्हता. मधलं अंतर तेवढं कुणीतरी लोखंडाने जोडून दिलं होतं. संसारात असं हत्यार कुठून आणायचं?

टॅपेट जुळवल्यावर गाडी शहाण्यासारखी चालू लागली. सिग्नलला यांनी मान मागे वळवली. "आता येतोय का आवाज?"

"नाही."

"काय?"

मी पुढे सरकून पुन्हा सांगितलं, "नाही."

दिवा हिरवा झाला तरी गाडी हलली नाही. "उद्या त्या डॉक्टरांकडे नंबर लाव," हे म्हणाले. "आणि तूही चल. ते काय सांगतात ते नीट ऐक."