उतरलेलं पिसं

"मॅडम, तुमच्याच कागदावर लिवलंय की," मालक म्हणाले आणि माझंच पत्र त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या त्यांच्या कारखान्यात महानंदा टॉवेल शिवायची. आजारातून उठली, पण ते तिला परत घेत नव्हते. गेटबाहेर ती आणि तिची आई उभ्या होत्या.

मी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात सोशल वर्कर. घरच्यांकडून आजाराची हकीकत लिहून घ्यायची, पेशंट बरा झाला की त्याला कामाला लावायचं, हे माझं काम. वर्षापूर्वी महानंदाला कुणी नसताना आवाज ऐकू यायचे. मैंदर्गीहून आलेली आई म्हणाली, "लेकीला पिसं लागलंय, बाई."

मी तिला झापलं. पिसं हा शब्द पिशाचावरून आलेला. पुढे लोक देवाच्या ओढीलाही पिसं म्हणू लागले, कसल्या नादालाही. "हितं असलं बोलायचं नाही, आजार म्हणायचं," मी म्हटलं. जुन्या रजिस्टरातलं 'वेडी' आम्ही 'मनोरुग्ण' केलं होतं. आता पोरं भांडताना एकमेकांना 'मनोरुग्ण'ही म्हणतात. पण तेव्हा मोठी शहाणी मी!

गोळ्यांनी महानंदाचे आवाज थांबले. कामासाठी ती फिट असल्याचं पत्र मी टाइप केलं, डॉक्टरांनी सही केली. पहिल्या ओळीत मी सवयीने 'नोन केस ऑफ' लिहून पुढे आजाराचं नाव घातलं. म्हणजे हा आजार आमच्याकडे आधीच नोंदलेला आहे. एकदा फाइलवर चढलं की पेशंट कितीही ठणठणीत असो, प्रत्येक कागदावर आम्ही आधी तेच उतरवतो.

"अहो, खाली फिट लिहिलंय ना!"

"व्हय, पन वर केस हाय म्हणून बी लिवलंय. तिच्याशेजारच्या मशिनीवर बसायला बाया तयार न्हाईत."

"मी दुसरं पत्र देते."

"आता समद्यांनी वाचलंय, मॅडम."

बाहेर येऊन मी दोघींना सांगितलं. चूक माझी आहे, हेही सांगितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. महानंदाने डब्याची पिशवी तेवढी या हातातून त्या हातात घेतली. ती डबा घेऊनच आली होती.

आई म्हणाली, "पिसं लागलंतं, उतारलं. आमच्यात उतारलं की संपलं बगा, बाई. तुमच्या कागदावरनं कवा उतारतंय?"

दोघी मैंदर्गीला गेल्या. दोन महिने महानंदा गोळ्या न्यायला आली. मग तेही बंद झालं.

आता फिटच्या पत्रात मी आजाराचं नाव घालत नाही. 'कामास योग्य' एवढंच लिहिते. एवढं कळायला मला वीस वर्षं नोकरी करावी लागली आणि एका बाईचं काम घालवावं लागलं.