मी उचललेली खूण

राजारामपुरीत माझ्या खोलीखाली एक किल्लीवाला बसायचा. पूर्वी तो घरफोड्या करायचा. शिक्षा भोगून आला, लग्न केलं, दुकान टाकलं. पण पोलिसांनी त्याला सोडलं नाही. जुन्या साथीदारांच्या बातम्या दे, नाहीतर पुन्हा आत घालतो, असा दम होता. हे त्यानंच मला सांगितलं. मी चित्रं काढतो याचं त्याला भारी कौतुक.

तेव्हा मी मोबाइलवर वाचायचं एक कॉमिक काढत होतो. नायक म्हणजे सुधारलेला खलनायक. त्यानं हात लावला की कुठलंही कुलूप उघडायचं. गुप्तहेर खातं त्याला बळंच कामाला लावतं. चेहरा मी वेगळा काढला आणि तेवढं पुरे समजलो. पण बातमी असली की खात्याला कळावं म्हणून नायक दुकानाबाहेर उलटी छत्री टांगतो, ही खूण किल्लीवाल्याचीच होती.

तो भाग आल्यावर आठवड्याभरात दुकान बंद दिसलं. शेजारचा चहावाला म्हणाला, "चौघांनी धरून मारलं की त्याला. उजव्या हाताची बोटं ठेचली."

दवाखान्यात त्याची बायको उशाशी बसली होती. तो हळू बोलला, "जुन्या साथीदारांतल्याच एकानं मोबाइल म्होरं धरला. म्हणला, ही छत्री तुझीच न्हवं?" मग म्हणाला, "एकदा इचारायचं तरी मला."

"चेहरा बदलला होता मी," माझ्या तोंडून निघून गेलं.

"चेहऱ्याचं काय घिऊन बसलाय?" बायको म्हणाली.

तुमच्या खबऱ्याला मारलंय, त्याला संरक्षण द्या, असं सांगायला मी पोलीस ठाण्यात गेलो. साहेबांनी शांतपणे विचारलं, "कसला खबऱ्या? असला कुणी आमच्याकडं नाही." मी कॉमिक थांबवलं. पण थांबवण्याचा आता कुणालाच उपयोग नव्हता.

ती दोघं शाहूवाडीकडं तिच्या माहेरी गेली. भातलावणीच्या दिवसांत मी भेटायला गेलो. तो चिखलातून वर आला, हात धुतले. दोन बोटं वाकत नव्हती.

"किल्ली धरवत न्हाय," तो म्हणाला. "रोपं लावतोय डाव्या हातानं. तुमच्या त्या गड्याचं म्होरं काय झालं?"

"काढायचंच सोडलं."

"म्हंजे त्यो तसाच अडकून ऱ्हायला की," असं म्हणून तो चहा सांगायला आत गेला.

चहा आला नाही. बायको दारात आली.

"पावणं, परत येऊ नकासा. दवाखान्यात तुमी येऊन गेल्यावर त्यास्नी रात्रभर झोप लागली न्हाय."

मी चप्पल घातली आणि एसटीच्या थांब्याकडं चालू लागलो. त्यानंतर मी तिकडं गेलेलो नाही.