अण्णांच्या नावाचा सिलिंडर

ही नोंद दुसऱ्या कुणीतरी बदलायला उघडली आहे, अशा अर्थाची इंग्रजी ओळ पडद्यावर आली आणि मी नंबर पुन्हा एकदा ताडून बघितला. ओळ नवीन नव्हती. आमच्या गॅस एजन्सीत कॉम्प्युटर दोन आणि ग्राहकांची फाइल एकच. आतल्या खोलीतून एखाद्या ग्राहकाची नोंद उघडली असली, की बाहेरच्या काउंटरवर मला तिथे काही करता येत नसे. पण आज मी उघडायला गेले होते ती नोंद माझ्या वडिलांची होती, आणि अण्णांना जाऊन चार वर्षं झाली होती.

तो काळ कॉम्प्युटरचे क्लास गल्लोगल्ली निघण्याचा होता. मीही एक कोर्स केला आणि मंडईजवळच्या या एजन्सीत चिकटले. काम काय, तर वर्षानुवर्षांची ग्राहकांची कार्डं फाइलमध्ये चढवायची. पहिला धक्का तिथेच बसला. मेलेली माणसं इतक्या संख्येने गॅस घेत असतील, असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. कनेक्शन नवऱ्याच्या नावावर, नवरा जाऊन कितीतरी वर्षं झालेली, आणि सिलिंडर मात्र नेमाने चाललेला. नाव बदलायचं म्हणजे दाखले आणा, सह्या करा, चकरा मारा. त्यापेक्षा राहू दे की त्यांचं नाव, असा सगळ्यांचा सरळ विचार. कसबा पेठेतल्या बायका नंबर लावायला यायच्या आणि बेधडक सांगायच्या, "ह्यांच्या नावावर आहे."

दुसरा धक्का सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या माणसाने दिला. कार्डावर नाव बदललं की जुन्या नावावर लाल रेघ असायची, पण खालचं नाव वाचता यायचं. कॉम्प्युटरमध्ये बदललं की आधीचं नाव कुठे जातं, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "कुठे जात नाही. गेलं." आणि चहा पिऊ लागला. मला त्याचा असा राग आला की मी त्याला बिस्किटं विचारली नाहीत.

पुढे मालकांनी सगळी फाइल अद्ययावत करायचं काढलं. गेलेल्यांची नावं काढा, वारसांची घाला. हे काम आतल्या खोलीत माझी सहकारी करायची, आणि गर्दी नसली की मीही. लोकांच्या नवऱ्यांना, सासऱ्यांना मी पटापट काढलं, त्यात माझं काही अडलं नाही. फक्त अण्णांच्या नंबराला हात लावला नाही. दुपारी काउंटर रिकामा झाला की मी तो नंबर टाकायची. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत त्यांचं पूर्ण नाव यायचं, खाली आमचा पत्ता. वाचायचं आणि बंद करायचं, बस. त्यांचे शर्ट देऊन झाले होते, ऑफिसातली खुर्ची भरली गेली होती, मतदार यादीतूनही ते गेले होते. घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी फोटो होता, पण फोटोतल्या माणसाला कुणी काही पाठवत नाही. इथे मात्र दर महिन्याला त्यांच्या नावाने सिलिंडर निघायचा. गॅसवाला आमच्या जिन्याखाली उभा राहून अण्णांचं नाव, आडनाव घ्यायचा, पुढे "साहेब" लावायचा आणि ओरडायचा, "गॅस!" त्या हाकेची मी वाट बघायची.

आणि आता त्या नोंदीत कुणीतरी शिरलं होतं. मी काउंटर सोडून उठले. तेवढ्यात काउंटरवर आलेल्या एक बाई म्हणाल्या, अहो मॅडम, आमचं काय? तुमचा गॅस कुठे पळून जात नाही, असं त्यांना ऐकवून मी आतलं दार ढकललं.

आत आई बसली होती.

महापालिकेच्या शाळेत चौथीच्या वर्गावर असायला हवी होती ती, त्या वेळी. बाजूच्या दाराने आली असणार. मांडीवर पिशवी, टेबलावर रेशनकार्ड आणि अण्णांच्या मृत्यूचा दाखला. सहकारिणीने कीबोर्डवरचे हात मागे घेतले आणि चाचरत म्हणाली की, तिला वाटलं मला माहीत आहे.

"मला न विचारता?" मी आईला म्हटलं. आवाज बाहेरपर्यंत गेला असेल.

"विचारलं असतं तर तू करू दिलं असतंस?"

मी भडाभडा बोलत सुटले. कॉम्प्युटर काही ठेवत नाही, लाल रेघसुद्धा नाही, एक बटण दाबलं की अण्णा कधी नव्हतेच असं होणार, आणि हे तुला सुचलं तरी कसं. आईने सगळं ऐकून घेतलं. वर्गातला दंगा आपोआप थांबेपर्यंत ती अशीच बसत असणार.

मग म्हणाली, "दर महिन्याला खालून त्यांना कुणीतरी हाक मारतं. मी पोळ्या टाकून उठते आणि आतल्या खोलीकडे बघते. अहो, बोलावतायत, असं तोंडाशी येतं. चार वर्षं झाली, तरी येतं. मला नाही सोसत आता."

एकाच घरात, एकच हाक आम्ही दोघी ऐकत होतो आणि मला यातलं काही म्हणता काही माहीत नव्हतं.

"कर गं बाळ," आई सहकारिणीला म्हणाली.

तिने केलं. आईचं नाव लांबलचक, आडनावही लांब, आणि रकाना तोकडा. पूर्ण नाव मावेना. शेवटी मधे अण्णांच्या नावाचं एकच अक्षर राहिलं. एवढंच? मी विचारलं. सहकारी म्हणाली, रकानाच तेवढा आहे. आईने चष्मा लावला, वाकून पडद्यावरचं ते अक्षर बघितलं.

"पुरे," ती म्हणाली, आणि दाखला घडी घालून पिशवीत ठेवला.

पुढचा सिलिंडर रविवारी सकाळी आला. आई पोळ्या करत होती. खालून गॅसवाल्याने आईचं नाव घेतलं, आडनाव घेतलं, थोडा अडखळून "बाई" लावलं आणि ओरडला. आमच्या वस्तीत आईला तिच्या नावाने हाक मारणारं आजवर कुणी नव्हतं. मी सवयीने दाराकडे निघाले.

"थांब तू. मला बोलावलंय," आई म्हणाली. हात पुसून, पदर नीट करून ती बाहेर गेली. आतल्या खोलीकडे तिने बघितलं नाही.

बघितलं ते मी. तिथे कुणी नव्हतं. अण्णा गेले, हे मला चार वर्षांनी तिथे, शेगडीसमोर उभ्या उभ्या कळलं, आणि मी हमसून हमसून रडायला लागले.

जिन्यातून आईचा आवाज आला, "पोळी उलट आधी. करपेल."