दाजी फितूर निघाले

मंडळी, आज मी दाजींचा काटा काढला.

एका म्हाताऱ्या, निवृत्त गुप्तहेराची मालिका मोबाईलवर बघतोय. त्याच्या माणसांत फितूर कोण, हे कळायला महिनाभर जीव टांगणीला लावून बसलतो. शेवटचा भाग आज बघणार, तेवढ्यात सकाळी दाजींचा मेसेज : "फितूर त्याचा डायवरच हाय. माझं बघून झालं!"

डोस्कं फिरलं. पण दाजींना उलट बोलायची आपल्याकडं सोय न्हाय. घरचे जावई पडले.

म्हातारा हेर म्हणतो, शत्रूची चूक शोधा. घावली की! शेवटचा भाग दोघांनी मिळून बघायचा, अशी माझ्या अक्कानं दाजींना शपथ घातलेली. मी त्यांचा मेसेज जसाच्या तसा अक्काला पाठवला.

दुपारी दाजींचा फोन. आवाज पार पडलेला.

"पावणं, तुमच्या अक्कानं आज गॅस पेटवला न्हाय. जेवायला येऊ का?"

"या की दाजी. मटण केलंय. उरलंय का न्हाय, ते आधीच सांगून टाकू?"

फोन कट.

सांगा, माझं काय चुकलं? मटण पातेलंभर उरलंय. पण हे दाजींना कळलं, तर तुमच्यात फितूर कोण, ते मी हुडकणार.