मोटारघराच्या सावलीतली शेवंती

खाप्याजवळच्या एका गावात माझा मामेभाऊ रुपराव आणि त्याची बायको वच्छलावहिनी राहतात. सगळं शेत रुपरावचं, पण रस्त्याकडेचा शेवंतीचा तुकडा तेवढा वहिनींचा. तिथली फुलं दरवर्षी दसऱ्यापासून नागपूरच्या फूलबाजारात जातात.

त्यांची सून हर्षा खापरखेड्याला दवाखान्यात नर्स आहे. ड्युटीवरून परतताना बसथांब्यापासून घरापर्यंत तिला अंधारातून यावं लागे. म्हणून वहिनींनी यंदा उन्हाळाभर सरपंचांच्या ओटीवर ठाण मांडलं आणि रस्त्यावर दिवा आणवला. खांबाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला.

यंदा दसऱ्याला सोनं द्यायला गेलो, तर शेवंती कमरेएवढी हिरवीगार, पण कळी म्हणून नाही. फक्त विहिरीवरच्या मोटारघराजवळ पिवळा पट्टा फुललेला.

"खत दिलं, फवारा मारला," रुपराव म्हणाला. "आता आरती ओवाळाची राह्यली, गा."

"ओवाळा की तुमी. तेवढंच जमते तुमाले," वहिनी म्हणाल्या.

"कार्तिक पौर्णिमेपर्यंत पाह्यतो. कळी नाई आली त ट्रॅक्टर लावतो अन् हरभरा पेरतो."

वहिनी काहीतरी बोलणार, तेवढ्यात दिवेलागणीला रस्त्यावरचा दिवा लागला. चांदीसारखा पांढरा उजेड मळ्यावर पसरला. वहिनी मोटारघराकडे वळून बघू लागल्या. मोटारघराची सावली जिथे संपत होती, तिथेच फुलंही संपत होती. छपरावरच्या टाकीची सावली गोल पडली होती आणि तेवढ्याच गोलात शेवंती फुलली होती. मातीवर कुणी रेघ मारून दिल्यासारखी.

"अवो, हे फुलं सावलीनं काढले," वहिनी हळूच म्हणाल्या.

"सावलीत झाड खुरटते, वं. फुलते काय?"

"दिवसाची नाई म्हणत मी. याची." त्यांनी दिव्याकडे बोट केलं. "झाडाले रातच नाई भेटली. म्यांच नारळ फोडून आणला हा."

हर्षा तेवढ्यात बसवरून आली होती. "मंग लाइट काढता काय, आई? साप तुडवत येऊ मी?"

"नाई वं माय. तुह्यासाठीच त आणला."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी तेलाचा पिपा कापून घेतला आणि वायरमनला बोलावून दिव्याला मळ्याच्या बाजूने पत्र्याची झापड लावून घेतली. संध्याकाळी रस्ता उजळला, मळा काळोखात बुडाला. खाप्याकडचं आभाळ त्या काळोखावर एकदम खाली उतरल्यासारखं वाटलं.

पुढे कृषी खात्यातल्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलं, की शेवंती रात्रीची लांबी ओळखते. रात्र पुरेशी मोठी झाल्याशिवाय कळी धरत नाही. डोळे नसलेलं कमरेएवढं झाड हे कशाने ओळखतं, याचं मला अजून नवल वाटतं.

कार्तिक पौर्णिमेला मुद्दाम गेलो. रुपराव वाफ्यात उकिडवा बसला होता. प्रत्येक शेंड्यावर मुगाएवढ्या हिरव्या कळ्या होत्या, या बांधापासून त्या बांधापर्यंत. एकेका कळीला तो बोट लावी आणि पुढच्या झाडाकडे सरके.

"ट्रॅक्टरवाल्याले नाई म्हणून सांगा," वहिनी बांधावरून म्हणाल्या.

"सकाळीच सांगतलं," रुपराव मान वर न करता म्हणाला.