डबल बेल

शर्यतीत उतरून मागच्याला हात दाखवणारा, ‘जा बाबा पुढं’ म्हणून वाट देणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि त्यांचीच मुलगी मी केली आहे. माझे सासरे उभी हयात एसटीचे ड्रायव्हर होते. सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावरचे खड्डे त्यांना जवळून ओळखत होते. निवृत्तीनंतर माणसं भजनी मंडळात जातात, सकाळी फिरायला लागतात, गेला बाजार वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्यावरून बायकोशी भांडतात. मामांनी (सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात) मोटरसायकलची शर्यत धरली. तीही साधीसुधी मोटरसायकल नव्हे. ही गाडी असते गुडघ्याएवढी, दोरी ओढली की सुरू होते आणि फवारणीच्या पंपासारखी बोंबलते. तिच्यावर कुणीही बसलं तरी त्याचे गुडघे कानाशी येतात. मामांसारखा धिप्पाड गडी बसला की गाडी दिसतच नाही. लांबून बघणाऱ्याला वाटतं, एक खाकी शर्टातले गृहस्थ उकिडवे बसल्या बसल्याच कुठंतरी निघालेत. सासूबाईंचं म्हणणं, “आयुष्यभर गाडीत माणसं घालून फिरले, आता गाडी काखंत घालून फिरत्यात.” यात अतिशयोक्ती शून्य आहे. रिक्षातून ते गाडी खरोखरच काखेत धरून नेतात.

एसटी सुटली तरी एसटीचा स्वभाव सुटला नाही. निघण्याआधी ते गाडीभोवती एक फेरी मारतात आणि दोन्ही टायरांवर बुटाने एकेक लाथ घालतात. ते टायर बशीएवढे असल्यामुळे लाथ बसली की गाडीच आडवी होते. मग ती उचलून पुन्हा उभी करायची. चहाला जाताना सीटवर रुमाल टाकून जातात. “मामा, त्या सीटवर दुसरं कोण बसणार आहे?” असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “तसं न्हाय पावणं, जागा जाती की.” वळण आलं की हात बाहेर काढतात. पुढच्याला ओलांडायचं तर आधी भोंगा वाजवून त्याची परवानगी मागतात, आणि भोंगा गाडीला नसतो म्हणून त्यांनी रबरी फुग्याचा बसवून घेतला आहे. शर्यतीच्या गाडीला दोन बाजूंना दोन आरसे लावणारेही तेच एकटे. गाडीला शिव्या मराठीत देतात आणि लाड कन्नडमध्ये करतात. ती धापा टाकू लागली की टाकीवर थोपटत “नडी, नडी”, म्हणजे चल, चल, म्हणतात, आणि गाडी खरंच चालते. एकदा ऐन शर्यतीत एक दातांचे डॉक्टर त्यांच्यासमोर घसरून पडले. बाकीचे वळसा घालून निघून गेले. मामांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, डॉक्टरांना उठवून त्यांची धूळ झटकली, पाणी पाजलं आणि विचारलं, “कुटं जायचं हुतं तुमाला?” डॉक्टरांनाही क्षणभर सांगता येईना.

या शर्यती चिंचोळी एमआयडीसीत, एका बंद कारखान्याच्या सिमेंटच्या अंगणात होतात. शनिवारी सराव आणि चाचणी, रविवारी खरी शर्यत. फिटर, वेल्डर, किराणा दुकानदार, असे हौशी लोक जमतात. जुने टायर मांडून वळणं आखलेली असतात. सगळ्याचा कारभार एका लेथवाल्याकडे आहे आणि त्याच्या हातात झेंडा म्हणून चौकडीचा सोलापुरी टॉवेल असतो. तो टॉवेल खाली आला की सगळे सुटतात. मामा सोडून सगळे. मामा टॉवेलवर निघत नाहीत. मामा डबल बेलवर निघतात.

इथं माझ्या वडिलांना आणलं पाहिजे. माझे वडील मामांच्या गाडीवर कंडक्टर होते. अक्कलकोटच्या स्टँडवर एका बशीत चहा ओतून पिता पिता या दोघांनी माझं लग्न ठरवून टाकलं. मला ते गाडी सोलापूरला पोचल्यावर कळलं. मामा त्यांना ‘मास्तर’ म्हणत आणि वडील व्याह्यांना ‘ड्रायव्हरसाहेब’. दोघं निवृत्तही पाठोपाठ झाले. मामांनी ही टीचभर गाडी घेतली तेव्हा वडिलांनी भंगारवाल्याकडून एसटीतली जुनी घंटा दोरीसकट पैदा केली. शर्यतीच्या दिवशी वडील गाडीमागं घंटा धरून उभे राहत. टॉवेल पडे, सगळे धुरळा उडवत जात, वडील सावकाश घंटा वाजवत, आणि मग मामा प्रस्थान ठेवत. अर्थातच ते शेवटचे येत. आल्यावर विचारत, “मास्तर, टायमात हाय न्हवं?” वडील मनगटाकडे न बघता सांगत, “टायमात हाय, ड्रायव्हरसाहेब.” नोकरीतही त्यांचं उत्तर हेच असे, मग वाटेत टायर फुटो की म्हशींचा तांडा आडवा येवो.

गेल्या वर्षी वडील वारले. मामांनी गाडीवर गोणपाट टाकलं ते वर्षभर काढलं नाही. वर्षश्राद्ध झालं आणि त्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. “पावणं, शनवारी घंटी घिऊन या.” जावयाला सासुरवाडीत काय काय मान असतात ते मी ऐकून होतो, घंटा धरायचा मान मात्र मलाच मिळाला असावा.

शनिवारी टॉवेल पडला, सगळे गेले. मी जोरात घंटा बडवली. मामा जागचे हलले नाहीत. मान किंचित डावीकडे वळवून म्हणाले, “ही बेल न्हाय, आरती हाय.” मी पुन्हा घाईघाईनं टणटण केलं, पण दोन्ही ठोके एकात एक मिसळले. गाडी दोन फूट गेली आणि थांबली. “एकच वाजली,” मामा म्हणाले, “एका बेलला थांबायचं असतंय.” मी आणखी तीनचार तऱ्हा करून बघितल्या. तेवढ्यात पुढचे लोक फेरी मारून आमच्या अंगावर यायला लागले आणि आम्हाला चुकवताना एक वेल्डर टायरांत घुसला. चाचणी संपली तेव्हा मामा त्या दोन फुटांवरच होते.

लेथवाला भला माणूस. जवळ येऊन हळूच म्हणाला, “काका, राग मानू नगा, पर मागनं कोणतर धडकंल की. उद्या बी गाडी हालली न्हाय, तर हितनं फुडं तुमी खुर्चीवर बसून बगायचं.” मामा “बरुबर हाय” एवढंच म्हणाले आणि गाडी काखेत घेऊन रिक्षाकडे चालू लागले. मामांना हरण्याचं दुःख कधीच नव्हतं, पण खुर्चीवर बसून बघणं म्हणजे त्यांच्या लेखी पुन्हा एकदा निवृत्त होणं होतं. संध्याकाळी ताटातल्या शेंगाच्या चटणीला त्यांनी बोटही लावलं नाही, तेव्हा सासूबाईसुद्धा टोमणा मारायच्या थांबल्या.

“मामा, उद्या टॉवेल बघूनच निघा की,” मी म्हणालो.

“पाय उचलत न्हाय वो.” मग ताट बाजूला सारून म्हणाले, “मास्तर आदी मागं वळून बगायचे. म्हातारं माणूस चडलं का, कुणाचं गटुळं दारात ऱ्हायलं का. मग एक टण. मग आरशातनं माझ्याकडं बगायचे. माझी नजर गावली की दुसरी टण. नुसती घंटी न्हाय ती. सगळी हायती, आता चला, असं असतंय त्ये.”

शर्यतीच्या गाडीला आरसे कशाला, याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. इतकी वर्षं मी त्यावर हसत होतो.

रविवारी ऊन चांगलंच तापलं होतं. टॉवेल पडला, सगळे बोंबलत सुटले. लेथवाला आमच्याकडेच बघत होता. मी आधी मागं वळलो. मागं काय असणार? मोकळं अंगण, गंजलेलं फाटक आणि सावलीला डबा मांडीवर घेऊन बसलेल्या सासूबाई. तरीही मी नीट बघितलं. कुणी राहिलं नव्हतं. एक टण दिली. मग वाकून आरशात बघितलं. हेल्मेटच्या आत मामांचे डोळे माझीच वाट बघत होते. त्यांच्यामागं आरशात माझं तोंड दिसत होतं, आणि डोक्यावर कंडक्टरची टोपी असती तर ते थेट वडिलांचंच वाटलं असतं. मला वडिलांची फार आठवण आली. मी दुसरी टण दिली.

“नडी,” मामा म्हणाले, आणि निघाले.

पहिल्या वळणावर त्यांनी हात बाहेर काढला. एक फेरी पुरी करून मागून आलेल्या सगळ्यांना एकेक करून साईड दिली. दातांच्या डॉक्टरांनी जाता जाता त्यांना नमस्कार केला. शर्यत जिंकून झाली, जिंकणाऱ्याच्या गळ्यात तोच चौकडीचा टॉवेल पडला, लोक खुर्च्या गोळा करायला लागले, तरी मामांच्या फेऱ्या चालू होत्या. लेथवाला रिकाम्या हातानंच त्यांच्यासाठी रेषेवर थांबून राहिला. शेवटी हात दाखवून, कडेला घेऊन, मामांनी बरोबर माझ्या पायांशी गाडी उभी केली आणि हेल्मेट काढलं. घामानं केस कपाळाला चिकटले होते.

“मास्तर,” ते म्हणाले, “टायमात हाय न्हवं?”

लग्नापासून आजवर त्यांनी मला पावणं सोडून दुसरी हाक मारली नव्हती. मनगटावर घड्याळ होतं, पण मी त्याकडे बघितलं नाही.

“टायमात हाय, ड्रायव्हरसाहेब,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, इंजिन बंद केलं, सीटवर रुमाल टाकला आणि आम्ही चहाला गेलो.